पोटावर की मांडीवर

सर आमच्याकडे भाड्यानं राहायला आले ते ऐन मे महिन्यात. रीतीप्रमाणे मी बशीभर हापूस कापून पुढे ठेवला. त्यांनी बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "वयनी, हा मी खात नाही."

मला वाटलं, असेल साखरेचा त्रास. तसं काही नव्हतं.

"ही सगळी झाडं म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या. कलमं बांधून बांधून वाढवलेल्या. मी काय, जन्मभर एकच आंबा खात बसू?"

रायवळ चालेल का म्हणून विचारलं, तर चालला. चांगल्या नऊ कोयी चोखल्या, कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर. जामसंड्यात राहून हापूस न खाणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. आमचे हे तेव्हा हयात होते. ते मला आत बोलावून हळूच म्हणाले, "भाडा आगाऊ घी गो ह्येच्याकडना." पण माणूस सरळ निघाला. अकरा वर्षं राहिला.

सर मूळचे वैभववाडीकडचे. तिकडे भाऊ, भावाची शेती. हे इकडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि निवृत्त झाले तरी परत गेले नाहीत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कोणी नीट विचारलं नाही." एवढंच. पुढे मी पण नाही विचारलं.

पेपर कालचा वाचायचे. आजचा पेपर आमच्याकडे यायचा, तो आमचा वाचून झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन जायचे. म्हणायचे, आजच्या बातम्या अजून पिकायच्या असतात. आणि कुठलीही गोष्ट सांगितली की शेवटी "अजूनपर्यंत असं समजतात" हे शेपूट असायचंच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, अजूनपर्यंत असं समजतात. चौथी शिकलेल्या माणसाला ह्याचा ताप होतो हो. मी म्हणायचे, सर, एकदा काय ते नक्की करा नि मग सांगा.

बोलायचे दोन तऱ्हांनी. शिकवायचं असलं की पुस्तकातलं मराठी. राग आला किंवा भीती वाटली की मालवणी. त्यामुळे सर पुस्तकी बोलत आहेत तोवर घरात कुणाला काळजी नसायची.

बंदरावर त्यांच्याबरोबर जायची मला लाज वाटायची. मासा हातात घेतला की कल्ले बघायचे नाहीत, सगळे बघतात तसे. कोळणीची सुरी मागून घ्यायचे आणि तिथंच पोट फाडून आत बोट घालायचे. एकदा ती ओरडलीच, "ओ मास्तर! घेतल्यात तर फाडा, नायतर सोडा त्येका. मासो आसा तो, दप्तर न्हय!" सरांनी मासा घेतला. घरी आणून पित्ताच्या पिशवीजवळचा तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका मला दाखवला. आपल्या पोटात जे स्वादुपिंड असतं, त्यात साखर सांभाळणारं इन्सुलिन करणाऱ्या पेशी ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात. काही माशांत त्या अशा एका जागी गोळा झालेल्या असतात. हे सांगून झाल्यावर मी विचारलं, "बरा, आता कढी करू काय ह्येची?"

"कढी हा तुमचा विषय," सर म्हणाले.

हे मी हसत हसत सांगते खरी. पण त्या कणीएवढ्या वस्तूशी आमची गाठ पडणार होती, हे तेव्हा ना मला ठाऊक, ना त्यांना.

तन्वी माझी नात. मुलगा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात सून, मी आणि ती. नऊ वर्षांची होती तेव्हा. त्या वर्षी मार्चात तिला तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या. आम्ही म्हटलं, उन्हाळा. फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. आम्ही म्हटलं, उंची वाढतेय. अंथरूण ओलं व्हायला लागलं तेव्हा मी दृष्ट काढली.

एके सकाळी सर कालचा पेपर न्यायला आले नि तन्वीकडे बघत उभे राहिले. "रात्री किती वेळा उठते ही?" सून म्हणाली, चार-पाच वेळा तरी. सर तडक बाहेर पडले. मी चूल पेटवतेय तोवर अंगणात रिक्षा.

"चला. रगात तपासूक."

मी म्हटलं, "आज मंगळवार. उद्या जाऊया."

"उद्या नाय! आता! रिक्षा हाडलंय ती काय आंबे विकूक?"

मालवणी ऐकलं आणि सुनेनं चपला सुद्धा शोधल्या नाहीत. दुपारपर्यंत पोरगी ओकायला लागली होती, श्वास असा भराभर. चार दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर केला असता तर. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. घरी आली ती सुई घेऊन. रोज चार वेळा, जन्मभर.

शेजारपाजारचे बघायला येत. "इतके लाडू भरवल्यात गो नातीक, मग काय होतला?" असं एक जण बोलून गेली. ते मला लागलं. लाडू मीच वळायचे ना! दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सरांना विचारलं, "सर, खरा सांगा. माझ्या लाडवांनी झाला काय ह्या?"

"नाही," सर म्हणाले.

मी शेपटाची वाट बघत राहिले. शेपूट आलंच नाही. नुसतं नाही.

मग कशानं झालं, हे त्यांनी मला शिकवलं ते आंब्याच्या दिवसांत, आमच्या पडवीत. आम्ही पेट्या भरत होतो. सर हापूस खायचे नाहीत, पण भरायला बसायचे. पेंढा पसरून आंबे ओळीनं लावायचे, अगदी वहीवर समास आखल्यासारखे.

"वयनी, अंगात राखणदार असतात. बागेत असतात तसेच. बाहेरचा जंतू आला की मारायचा, हे त्यांचं काम. आता, घरचं कोण आणि परका कोण, हे त्यांना कोण शिकवतं?"

"मालक."

"मालक नसतो. शाळा असते. इथं." आणि त्यांनी छातीच्या हाडावर बोट ठेवलं. "या हाडाच्या मागं एक ग्रंथी आहे. तिथं प्रत्येक नवीन राखणदाराला घरच्या वस्तूंचे तुकडे दाखवतात, ताटलीत ठेवून. घरच्या तुकड्यावर जो धावून जातो, त्याला तिथंच संपवतात. उरतात ते बाहेर सोडतात."

"मगे बरा आसा की."

सरांनी पेट्यांतला एक आंबा उचलला, देठ खाली करून पेंढ्यात बसवला आणि विचारलं, "हा कुठल्या झाडाचा?"

मी म्हटलं, देठ दिसल्याशिवाय कसं सांगणार? त्यांनी आंबा फिरवला. देठाकडचा खांदा दिसला. "हो तर विहिरीकडलो," मी म्हटलं.

"बघा. इन्सुलिन ही घरचीच वस्तू. तिचा पण तुकडा शाळेत दाखवतात. पण त्यातला एक तुकडा ताटलीत नीट बसत नाही. कलंडतो. काही राखणदारांना तो धड दिसतच नाही, आणि ते पास होऊन बाहेर पडतात. पुढे फिरत फिरत स्वादुपिंडात जातात. तिथं इन्सुलिन करणाऱ्या पेशी आपल्या दारात त्याच इन्सुलिनचे तुकडे मांडून बसलेल्या. तिथं तो तुकडा दुसऱ्या अंगानं दिसतो. राखणदार म्हणतो, अरे, हा कोण? परका! आणि हाकारा घालतो. मग सगळे मिळून त्या पेशी मारतात. एकेक करून. वर्षानुवर्षं. बाहेरून काही कळत नाही."

"साक्यासारख्या," मी म्हटलं. आंबा वरून सोन्यासारखा असतो नि कापला की आत पांढरा, स्पंजासारखा झालेला, त्याला आम्ही साका म्हणतो.

सर म्हणाले, "मी इतकी वर्षं शिकवलं, असं उदाहरण एका पोरानं दिलं नाही." मग शेपूट आलं. अजूनपर्यंत असं समजतात, सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं असंही नाही, वगैरे. मी ते ऐकलं नाही. शाबासकीनंच माझं पोट भरलं होतं. तेवढ्यात आंब्यांवर ऊन आलं, टेंपो दारात येऊन भोंगा वाजवायला लागला, आणि आमचा वर्ग सुटला.

आता माझी चूक सांगते. लपवून काय करायचं.

पावसाळ्यात तन्वीचा डोस उतरायला लागला. डॉक्टरांनीच कमी केला. ते म्हणाले होते की सुरुवातीला काही महिने असं होतं, नंतर परत वाढतो. त्यातलं पहिलं मी ऐकलं. मी त्याच सुमाराला, साखर उतरते म्हणतात म्हणून, बिवळ्याच्या लाकडाचा पेला आणला होता. रात्रभर पाणी ठेवलं की सकाळी चहासारखं लाल होतं, ते तिला पाजायचे. डोस अर्ध्यावर आला. मी वाडीभर सांगत सुटले. दोघी-तिघींनी पेले मागवले सुद्धा.

आणि मग मी डोकं चालवलं. सरांनी काय सांगितलं? राखणदार इन्सुलिनवर चिडलेत. आणि आपण काय करतो? रोज चार वेळा तेच इन्सुलिन पोरीच्या अंगात घालतो! म्हणजे वानरं हाकलायची आणि वर बागेत केळी टाकायची. सुई बंद केली की राखणदार आपोआप शांत होतील. हे मला इतकं लख्ख दिसलं की डॉक्टरांना कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं.

सून म्हणाली, "आई, सरांका तरी इचारूया."

सर भातकापणीला वैभववाडीला गेले होते. "सरांपेक्षा देव मोठो. कौल लावया," मी म्हटलं.

कौल म्हणजे, गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे नि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्या गावात लग्नं, जमिनी, विहिरी सगळं असंच ठरलं आहे. देवासमोर पोरगी बिनसुईची न्यायची असं माझ्या मनानं घेतलं. म्हणून आदल्या रात्रीची सुई दिली नाही आणि सकाळची पण नाही.  सुनेनं परसात जाऊन कुणाला फोन केला, हे मला मागाहून कळलं.

रवळनाथाच्या देवळात आम्ही तिघी, गुरव आणि सभामंडपात बसलेले दोन म्हातारे. गुरवानं पाकळ्या लावल्या. माझं गाऱ्हाणं घातलं, सुई बंद करूची असात तर उजवो कौल दी म्हाराजा. पाकळ्या हलेनात. तन्वी खांबाला टेकून पाणी पीत होती. बाटली संपली की सून भरून आणायची.

तेवढ्यात सर आले. पहिली एसटी पकडून, केसांत भाताची कुसं तशीच. इतक्या वर्षांत या माणसानं देवळाची पायरी चढलेली नव्हती, बाहेर चपला राखत उभे राहायचे. सरळ आत आले. तन्वीच्या तोंडाचा वास घेतला.

"ही कितवी बाटली गो?"

"चवथी," तन्वी म्हणाली. "सर, पोटात दुखता."

सर माझ्यावर ओरडतील म्हणून मी पदर सावरून तयार राहिले. ते माझ्याकडे वळलेच नाहीत.

"गुरवानू, पाकळ्यो काढा. प्रश्न चुकलो."

"देवाक इचारलेलो प्रश्न चुकता खंय, सर?"

"इचारणारो चुकता. नव्यान लावा. गाऱ्हाणा मी घालतंय."

गुरवानं माझ्याकडे बघितलं. घरचा मान माझा. मी नाही म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण सर मालवणी बोलत होते. मार्चात रिक्षा आणली तेव्हा बोलले होते तसेच बोलत होते. मी मान हलवली.

सर पाषाणासमोर उभे राहिले. त्यांना गाऱ्हाणं येतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

"बा रवळनाथा म्हाराजा! ह्या चेडवाच्या आंगातले राखणदार फिरलेत. ते घरच्याकच चोर समाजतत आणि मारतत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," म्हातारे सवयीनं म्हणाले.

"ह्येच्यात चेडवाची चूक नाय, आवशीची नाय, आजयेची नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"आमका इतक्याच सांग. आत्ताची सुई पोटार मारूची असात तर उजवो कौल दी. मांडयेर मारूची असात तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हा..." एक म्हातारा मध्येच थांबला. दुसऱ्यानं पुरं केलं.

गुरवानं विचारलं, "सर, आणि सुई बंदच करूची असात तर?"

"ता इचारूक नाय."

पाकळ्या लागल्या. पडेनात. सर पाकळ्यांकडे बघत होते, सून सरांकडे, मी तन्वीकडे. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. श्वास मार्चातल्यासारखा भराभर व्हायला लागलेला मला ऐकू येत होता. तेवढ्यात गुरव उठला आणि त्यानं डोक्यावरची घंटा वाजवली. मधेच घंटा वाजवायची रीत नाही. चांगली जोरात वाजवली. डावी पाकळी सुटून पडली.

"मांडी," गुरव म्हणाला.

सुनेनं थंड पिशवीतून सुईचं पेन काढलं. घेऊनच आली होती ती. देवळाच्या पायरीवर तन्वीला बसवून मांडीत सुई दिली आणि तसंच रिक्षानं दवाखाना गाठला. संध्याकाळी पोरगी सलाईनखाली झोपली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर सरांना म्हटलं, "देवाक फसवल्यात तुमी."

"देवाला नाही, वयनी. तुम्हाला."

पुस्तकी बोलले, तेव्हा मला हायसं वाटलं आणि रडू फुटलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "टेंपो आला म्हणून मी धडा अर्धा टाकला. राखणदार रस्त्यानं जाणाऱ्या इन्सुलिनच्या मागे लागत नाहीत. ज्यांच्या दारात तुकडे मांडलेले असतात, त्या पेशी मारतात. सुईतलं इन्सुलिन वाटसरू आहे. येतं, काम करतं, जातं. ते नसलं तर पोर जगत नाही. मधे डोस उतरला तो सुईमुळे. उरलेल्या पेशींना जरा विसावा मिळाला, त्यांनी थोडे दिवस काम केलं. राखणदार कुठं गेलेले नाहीत."

"आणि माझो पेलो?"

"पाणी थंड राहिलं असेल."

थंडीत डोस परत वाढला, डॉक्टर म्हणाले होते तसाच. सर त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पेल्यात मी आता मीठ ठेवते.

पण इथं गोष्ट संपली असती तर सर सुटले असते. झालं असं की देवानं मांडी सांगितली ती मी धरून बसले. दंडावर नाही, पोटावर नाही. सून कुरकुर करायची, तन्वीला त्याच जागी कमी दुखायचं म्हणून ती गप्प. तीन वर्षं मांडी. मग साखर कधी आभाळात, कधी पाताळात. एकदा शाळेत चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी मांड्या चाचपल्या, तर दोन्हीकडे गाठी. एकाच जागी टोचून टोचून कातडीखालची चरबी जून झालेली, औषध शोषूनच घेईना.

"मांडीतच का?" डॉक्टरांनी विचारलं.

"देवान सांगल्यान," तन्वी म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. जागा बदलत राहा, म्हणाले. घरी आल्यावर मी म्हटलं, कौल मोडून कसं चालेल? कौल मोडलेल्यांची घरं मी बघितली आहेत. सून रडायला लागली. तन्वी बारा वर्षांची, ती म्हणाली, "मगे माका चक्कर येवंदे काय, आजी?"

सर पडवीत बसले होते. उठले, परत बसले. 

"मी देवाला दोनच पर्याय दिले," ते म्हणाले. "असा पेपर काढणाऱ्याला मी नापास केलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत देऊळ. या खेपेला तन्वीला नाश्ता, सुई सगळं करून नेलं होतं. मांडीतच, पण केलं होतं. सरांनी गाऱ्हाणं घातलं. मांडी दमली म्हाराजा, आता पोट असात तर उजवो दी, दंड असात तर डावो दी. मागाहून मला म्हणाले की काहीही पडलं तरी निदान एक जागा वाढेल, पुढच्या वर्षी परत येऊ. सरांनी हिशेब तसा नीट केला होता.

गुरवानं पाकळ्या लावल्या आणि हात काढायच्या आत दोन्ही एकदम पडल्या.

 गुरव म्हणाला, "ह्या माझ्या बापाशीनय बघूक नसतला." त्यानं सरांकडे बघितलं.  दोन पाकळ्या एकाच वेळी का पडल्या, याला त्यांच्याकडे कारण असणारच, ओलावा कमी पडला की काय ते. पण इथं ते सांगून भागणार नव्हतं. आणि गुरव आता वाट बघत होता ती माझी. कौल कसा घ्यायचा ते घरच्या मोठ्या माणसानं बोलायचं असतं. पाकळ्या परत लावा म्हटलं असतं तर लावल्या असत्या. पडल्या त्या रागानं पडल्या म्हटलं असतं, तरी गुरवानं मानलं असतं.

तन्वी फ्रॉकवरून मांडी चोळत उभी होती.

"दोनय दिल्यान," मी म्हटलं. "आळीपाळीन मारा म्हणता देव. पोटार, दंडार, खंय होया थंय."

म्हातारे काही म्हणायच्या आधी सरच म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि डोळे पुसायला खांबाआड गेले.